ब्याऐंशी माणसं, अठ्ठावीस खुर्च्या

बिबवेवाडी, पुणे
६ ऑक्टोबर २०२५

आदरणीय बाई यांस,
सविनय जयभीम.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि हा विषय कुणाच्या तोंडी निरोप पाठवण्यासारखा नाही, म्हणून लिहितो. काल सकाळी अभ्यासिकेच्या मोठ्या खोलीतलं छताचं प्लास्टर पडलं. रविवारची झाडलोट चालू होती, सगळे खाली चहाला गेले होते. कुणालाही लागलेलं नाही, हे आधी सांगतो.

इंजिनिअर बघून गेले. मोठी खोली निदान वर्षभर बंद. राहिली लहान खोली, तिच्यात खुर्च्या अठ्ठावीस. आपले सभासद साठ आणि प्रतीक्षा यादीत बावीस. म्हणजे ब्याऐंशी माणसं. विश्वस्तांना विचारलं तर म्हणाले, "बाईंनी काढलेली अभ्यासिका आहे, बाईंना विचार."

तोवर जो आधी येईल तो बसेल, असं मी ठरवलं. आज साडेपाचला शटर उघडलं तेव्हा बाहेर एक्केचाळीस जण उभे होते. तेजस सगळ्यांत पुढे. त्याने एका खुर्चीवर रुमाल टाकला, तीन खुर्च्यांवर वह्या ठेवल्या. वह्यांचे मालक नाश्ता करून नऊला आले. मी एक वही उचलली तर तेजस म्हणाला, "दशरथ, वही हलवायची नाही. अभ्यासिकेत वही म्हणजे माणूस."

बाई, मी बारावीनंतर शिकलो नाही. किल्ल्या सांभाळणं, हजेरी नीट लिहिणं, पंखे वेळेवर बंद करणं हे मला येतं. कुणाला घालवायचं हे येत नाही. तुम्ही जन्मभर राज्यशास्त्र शिकवलंत. सोबत साठ नावांची यादी जोडली आहे. बत्तीस नावांवर फुली मारून पाठवा. मी तसं करतो.

आपला नम्र,
दशरथ ओव्हाळ


लोणी काळभोर
१० ऑक्टोबर

चि. दशरथ यास,
आशीर्वाद.

यादी परत पाठवते आहे. फुली एकही नाही. मी काय यमाच्या कचेरीत कारकून आहे?

नियम तू लिही. कारण तू तिथे रोज असतोस आणि मी इथे भाचीच्या अंगणात बसून चिंचा मोजते.

आता थोडं शिकवते, फुकट. वर्गात मी या प्रश्नाला तीन माणसं उभी करायची. पहिला म्हणतो, जो सरळ मार्गाने जागेपर्यंत पोचला, जागा त्याची. त्याचं घर जवळ आहे की लांब, हे बघणं नियमाचं काम नव्हे. तुम्ही त्याला उठवलंत तर त्याच्या स्वातंत्र्यावर हात टाकलात. दुसरा म्हणतो, सगळ्यांचं मिळून भलं जास्तीत जास्त कशात होईल ते बघा. जो पास होण्याची शक्यता जास्त, त्याला बसवा. निकाल वाढेल. तिसरा म्हणतो, सगळ्यांत खाली जो आहे त्याला नियमातून काय मिळतं ते आधी पाहा, बाकी नंतर. एक चौथाही असायचा, मागच्या बाकावरून ओरडणारा: सगळ्यांना सारखं! सारखं म्हणजे काय, ते त्याला परीक्षेपर्यंत सांगता आलं नाही.

कोण बरोबर ते मी विद्यार्थ्यांना कधी सांगितलं नाही, तुलाही सांगणार नाही. एक अट घालते. नियम लिहिताना असं समज की उद्या सकाळी तू या ब्याऐंशींपैकी कुणीही म्हणून उठशील, आणि कोण म्हणून ते तुला आज माहीत नाही. तरीही जो नियम तुला चालेल तो लिही.

दुर्गाबाई


बिबवेवाडी
१६ ऑक्टोबर

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

तुमची तिन्ही माणसं इथे निघाली. पहिला तेजस. तो म्हणतो, "दीड वर्ष मी पहाटे उठून साडेपाचला येतोय. कुणाचं काही चोरलंय का? मग माझी जागा काढणारा तू कोण?" तो खरंच रोज येतो, हजेरीत आहे.

दुसरी उत्कर्षा. तिची पूर्वपरीक्षा निघाली आहे. म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नकोस, पण सहा वर्षं बसून ज्यांचं काहीच होत नाही त्यांनी दुसऱ्यांची वर्षं का अडवायची? सराव परीक्षा घे, पहिले अठ्ठावीस ठेव." हेही खोटं नाही.

पण मी तुमच्या अटीप्रमाणे करून बघितलं. ब्याऐंशी नावं एकेक वाचली आणि प्रत्येक नावाला थांबून विचार केला, मी हा असतो तर. जवळ राहणारा असतो तर तेजसचा नियम चालला असता, हुशार असतो तर उत्कर्षाचा. एका नावाशी मात्र दोन्ही नियम अडले.

सतरा नंबरच्या खुर्चीवर एक मुलगी बसायची. घर नऊ बाय अकराची एकच खोली, माणसं चार. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपतात, म्हणून घरात बोलायचंही हळू. ती दिवसभर औषधांच्या पॅकिंगला उभी असते, पाच वाजता सुटते, साडेपाचला इथे येते. गेल्या वेळी पूर्वपरीक्षा दोन गुणांनी गेली. पुढच्या परीक्षेला सात महिने आहेत. पहाटे जागा धरणं तिला शक्य नाही. सराव परीक्षा दिवसा घेतली तर तिला येताच येणार नाही. गेला आठवडाभर ती रुमालांकडे बघून परत जाते. तिच्याकडे इथल्याशिवाय दुसरी जागा नाही.

तिसरा मीच निघालो. मी लिहिलेला नियम असा: ज्याच्या घरी अभ्यासाला जागाच नाही, त्याला आधी. मला हा बरोबर वाटतो. तुम्ही हो म्हणालात तर लावतो.

आपला,
दशरथ


लोणी काळभोर
२० ऑक्टोबर

चि. दशरथ,
आशीर्वाद, आणि दिवाळीच्या शुभेच्छा.

पत्र दोनदा वाचलं. भाचीलाही वाचून दाखवलं. खोली नऊ बाय अकरा! म्हणजे तू त्या मुलीच्या घरी जाऊन टेप लावलीस. माझ्या वर्गात तिसऱ्या माणसाची बाजू घेणारे पुष्कळ होते, पण त्यातला एकही कुणाचं घर बघायला गेला नाही. परक्या मुलीसाठी एवढं करणारा माणूस माझ्या अभ्यासिकेत आहे, याचा मला अभिमान वाटला. मी सहसा कुणाला असं म्हणत नाही, तेव्हा हे वाक्य जपून ठेव.

आता खोड काढते. गरज कुणाची जास्त हे ठरवणार कोण? तू टेप घेऊन ब्याऐंशी घरं फिरणार? आणि ज्याला जागा हवी त्याने चारचौघांत उभं राहून "मी किती गरीब" हे सांगायचं? त्यात माणसाची मान खाली जाते. नियमाने ती खाली घालायला लावू नये.

तरी नियम सगळ्यांपुढे ठेव. सभा घे. नोटीस लाव, मतं मोज आणि मला कळव.

दुर्गाबाई


बिबवेवाडी
२७ ऑक्टोबर

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

काल सभा झाली. हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं, हे पाचवं.

मी नियम वाचून दाखवला. कारणं सांगितली, सतरा नंबरच्या घरासकट. तेजस उठला. ओरडला नाही, हळूच विचारलं, "सतरा नंबरवर हिरा ओव्हाळ बसायची ना? तुझी कोण ती?"

मी म्हणालो, "सख्खी बहीण."

बाई, मी तुमच्याशी खोटं बोललो नाही, पण खरंही सांगितलं नाही. खोली मी मोजली कारण मी त्याच खोलीत झोपतो. तुम्ही लिहिलंत की मी परक्या मुलीसाठी केलं, तेव्हाच कळवायला हवं होतं. मी ते वाक्य जपून ठेवलं, आणि गप्प बसलो.

मग तेजस म्हणाला, "म्हणजे नियम नाही, चुलत्यामावशीचा कारभार." सगळे हसले. हिराही होती. रविवार असल्यामुळे आली होती. ती हसली नाही, वह्या उचलून निघून गेली. घरी माझ्याशी बोलत नाही.

नंतर मतदान झालं. ठराव: "जुने सभासद आधी, प्रवेशाच्या तारखेप्रमाणे पहिले अठ्ठावीस." हजर एकावन्न. बाजूने एकावन्न. विरोधात कुणी नाही. हात वर न करायचं धाडस मलाही झालं नाही. या ठरावाप्रमाणे हिराचा नंबर तेहेतिसावा.

मी या कामाला लायक नाही. किल्ल्या विश्वस्तांकडे देतो. माफ करा.

दशरथ


लोणी काळभोर
३१ ऑक्टोबर

दशरथ,

किल्ल्या तुझ्याजवळच ठेव. राजीनामा ही पळून जाण्याची सभ्य पद्धत आहे आणि ती मोठ्या पदांवरच्या लोकांना शोभते.

तुझी चूक नीट समजून घे. नियमाचा फायदा तुझ्या बहिणीला होतो म्हणून नियम वाईट ठरत नाही. कुणा ना कुणाच्या बहिणीला होणारच. तू लपवलंस, ही चूक. मी अट घातली होती की आपण कोण हे माहीत नसल्यासारखं लिही. तुला ते विसरता येत नव्हतं, तर तसं सांगून लेखणी दुसऱ्याच्या हातात द्यायची होती. मीही चुकले. परकी मुलगी हे तू लिहिलं नव्हतंस, ते मी माझ्या मनाने घातलं, कारण मला तसा विद्यार्थी हवा होता.

आता दुसरी गोष्ट, ती मला जास्त छळते आहे. एकावन्नपैकी एकावन्न? पुण्यात? तिथे चार माणसं चहात साखर किती यावर एकमत करत नाहीत. असं एकमत झालं म्हणजे बोलावण्यातच घोळ आहे. प्रतीक्षा यादीतले बावीस कुठे होते? नोटीस कुठे लावली होतीस?

दुर्गाबाई


बिबवेवाडी
५ नोव्हेंबर

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

नोटीस आतल्या फळ्यावर लावली होती. लहान खोलीत.

रंगीत पेनाने समास आखून लिहिली होती, तारीख-वार दोनदा तपासले होते. पण ज्याला खुर्ची मिळते तोच ती वाचणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बाहेरच्या बाविसांपैकी एकालाही कळलं नाही. सभासदांपैकी संध्याकाळी येणाऱ्या नऊ जणांना आठवडाभर आत शिरताच आलं नव्हतं, त्यांनाही नाही.

ठराव मी स्थगित केला आहे. तेजस भडकला, "एकमताचा ठराव तू एकटा मोडणार?" मी म्हणालो, "मोडत नाही, परत विचारतो. जे नव्हते त्यांना."

नवी नोटीस बाहेर फाटकावर लावली. शिवाय सगळ्यांना एकेक करून फोन केले, तीन दिवस लागले. सभा येत्या रविवारी. मी फक्त दार उघडणार आणि पाणी ठेवणार. सभा उत्कर्षा चालवेल.

दशरथ


बिबवेवाडी
१७ नोव्हेंबर

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

सभा ९ तारखेला झाली, चिठ्ठ्या काल निघाल्या. क्रमाने सांगतो.

हजर चौऱ्याहत्तर. तुमची अट उत्कर्षाने खेळासारखी केली. ब्याऐंशी चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एकेकाची परिस्थिती, नाव नाही. ज्याला जी येईल त्याने त्या माणसाच्या बाजूने बोलायचं. तेजसला आली: "वॉचमन, रात्रपाळी, सकाळी आठला सुटतो."

तेजसने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. म्हणाला, "मग पहाटे साडेपाचला दार उघडून माझा काय उपयोग?"

मागून कुणीतरी म्हणालं, "ह्येच मी चौदा महिने मनात इचारतोय, सायेब."

तो बद्रीनाथ. धायरीचा. प्रतीक्षा यादीत पहिला, पण आजवर मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. सगळे हसले, तेजसही. उत्कर्षाने त्याला पुढे बोलावलं. तो म्हणाला, "आमच्या गेटवर खुर्ची एकच हाय, वॉचमन तीन. खुर्चीवर कुणाचं नाव नसतंय, येळेवर असतंय. माझी येळ झाली की मी बसतो, संपली की उठतो. तुमी खुर्च्या वाटायलाय. येळ वाटा की."

बाई, मग एकदम सगळेच बोलायला लागले.

ठरलं ते असं. रोज तीन पाळ्या: सकाळी सहा ते अकरा, अकरा ते चार, चार ते नऊ. प्रत्येकाला एक पाळी. रुमाल-वही ठेवून जागा धरणं बंद. एका पाळीला माणसं जास्त झाली तर चिठ्ठ्या, आणि दर तीन महिन्यांनी नव्याने. घरची परिस्थिती कुणालाही विचारायची नाही. फक्त कुठली पाळी शक्य आहे ते लिहायचं. बाजूने अठ्ठावन्न, विरोधात सोळा. तेजस विरोधात. उत्कर्षा म्हणाली, "अरे, आत्ता तर वॉचमनसाठी भांडत होतास!" तो म्हणाला, "ते चिठ्ठीतल्या माणसाचं मत. माझं मत, पाच तासांत अभ्यास होत नाही." तरी आज सकाळी तो अकराला उठला. घड्याळाकडे बघत, पण उठला.

सकाळ-दुपार सगळे मावले. दुपारी तर अकरा खुर्च्या रिकाम्या राहतात. संध्याकाळी मात्र नोकरीवाले सदतीस आणि खुर्च्या अठ्ठावीस. काल बद्रीनाथने चिठ्ठ्या काढल्या. मी यादी लिहीत होतो. अठ्ठावीस नावं झाली. हिराचं नव्हतं.

नियम चांगला आहे. मला अजूनही तसंच वाटतं. पण हात दुखतोय म्हणून पत्र इथे थांबवतो.

दशरथ


लोणी काळभोर
२१ नोव्हेंबर

चि. दशरथ,
आशीर्वाद.

बद्रीनाथला माझा नमस्कार सांग. जन्मभर मी मुलांना खुर्ची कुणाची हे विचारत राहिले. खुर्ची कधी कुणाची, हा प्रश्न मला सुचला नाही.

आता जरा माझं ऐक. ट्रस्टच्या घटनेत एक कलम आहे. संस्थापकाला, आणि त्याच्या मागे तो नेमेल त्याला, एक जागा आपल्या मर्जीने देता येते. ऑफिसच्या खोलीत खिडकीजवळ माझं टेबल आहे, तीच ती जागा. मी ती आजवर कुणालाही दिली नाही. ती हिराला देते. संध्याकाळी चार ते नऊ. यात तुमचा नियम मोडत नाही, कारण ती खुर्ची तुमच्या अठ्ठाविसांत नाही. दोन गुणांनी गेलेल्या मुलीने उरलेल्या सहातले तीन महिने घालवावेत, हे मला या वयात बघवत नाही. तिसरा माणूस हेच म्हणाला असता. न म्हणाला तरी मी म्हणते.

हे पत्र म्हणजेच परवानगी समज.

दुर्गाबाई


बिबवेवाडी
२५ नोव्हेंबर

आदरणीय बाई,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र मी दोन दिवस खिशात ठेवलं. मग उत्तर लिहायला बसलो: तुमची कृपा आहे, पण ही जागा आम्ही घेऊ शकत नाही. बद्रीनाथने काढलेल्या चिठ्ठीतून नऊ जण बाहेर राहिले. त्यातली एकच बाईंच्या मर्जीने आत आली आणि तिचा भाऊ दार उघडतो, तर उरलेल्या आठ जणांना मी काय तोंड दाखवू? एवढं लिहून झालं होतं. वाटलं, या वेळी तरी मी बरोबर वागलो.

लपवायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून दोन्ही पत्रं हिरासमोर ठेवली. तिने तुमचं वाचलं, मग माझं. महिन्याभराने पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"माझ्यासाठी नियम केलास, मला विचारलंस?"

"नाही."

"माझं घर कसं आहे ते बाईंना लिहिलंस, सभेत वाचलंस, मला विचारलंस? आणि आता माझ्या वतीने नकार पण तूच देणार! बरा आहेस रे. माझा न्यायही तूच करणार आणि त्यागही तूच करणार. मला काय, फक्त सतरा नंबर लावलाय कपाळाला?"

वडील झोपले होते, म्हणून हे सगळं ती कुजबुजत बोलली. कुजबुजत कुणी एवढं रागावू शकतं हे मला माहीत नव्हतं. मी माझा कागद फाडला. पुढचं ती लिहिते आहे. मी वाचलेलं नाही.

दशरथ


बाई, जयभीम. मी हिरा. आज २८ तारीख.

खुर्ची मला हवी आहे. नको म्हणून मोठेपणा मिळवायची माझी इच्छा नाही. संध्याकाळी मी सध्या जिन्यात बसते. तिथे वर-खाली करणाऱ्या माणसांना दर पाच मिनिटांनी पाय आवरून वाट द्यावी लागते.

पण तुमच्या मर्जीने नको. तुम्ही चांगल्या आहात म्हणून ती जागा मला मिळते आहे. उद्या तुमच्या जागी दुसरं कुणी आलं तर ती त्यांच्या भाच्याला मिळेल, आणि तेव्हा मला काही बोलता येणार नाही, कारण मी बसून गेलेली असेन. तुमच्या कलमात मी कुणाची तरी लाडकी आहे. चिठ्ठीत मी नुसती नऊतली एक आहे. मला ते बरं वाटतं. पास झाले तर उद्या मीही कुणाचे तरी अर्ज बघेन, तेव्हा हे लक्षात राहील.

तर माझं म्हणणं असं. ती जागा तुम्ही सोडा. एका माणसाला देऊ नका, एकोणतिसावी म्हणून संध्याकाळच्या पाळीत घाला. आम्हा नऊ जणांत चिठ्ठी निघेल. निघाली तर मी बसेन आणि कुणाचे आभार मानणार नाही. नाही निघाली तर फेब्रुवारीत परत नाव देईन. तोवर दुपारच्या अकरा खुर्च्या रिकाम्या आहेत; पॅकिंगला पहाटेची पाळी मिळते का हे मी सुपरवायझरला विचारलं आहे. तो नाही म्हणाला. उद्या परत विचारणार आहे, परवाही.

उरलेल्या आठ जणांशी मी बोलले. त्यांना मान्य आहे. तुमच्या पत्राबद्दलही सांगितलं, सगळं.

सोबत कागद जोडला आहे, कलम सोडल्याचा. त्याच्यावर तुमची सही लागेल. विश्वस्तांच्या सह्या मी आज जाऊन घेतल्या. एक जण कुरकुरला, पण केली. चिठ्ठ्या रविवारी, सात डिसेंबरला सकाळी दहाला, फाटकापाशी काढायच्या आहेत. कागद त्याआधी पोचेल असं पाठवा.

हिरा ओव्हाळ